तिनं भूमितीचा पेपर सोडला नाही

अन्याय झाला माझ्या चुलत बहिणीवर. कधी झाला तेही नेमकं सांगते, कारण आमच्या घरात सगळे "मागं कधीतरी झालं ते" म्हणून हात झटकतात. करोनानंतर शाळा पुन्हा धड भरू लागल्या त्या वर्षी, ती नववीत असताना, सहामाही परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी, सकाळचा पेपर सुटल्यानंतर आणि दुपारचा सुरू व्हायच्या आत. तासाभराचा मामला. त्या तासाभरात दोन गोष्टी झाल्या. पहिली कोणाच्या हातात नव्हती. दुसरी आमच्या घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी पूर्ण शुद्धीवर राहून केली.

आम्ही आर्वीचे. एकाच अंगणात दोन घरं. एकात मोठेबाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, हायस्कूलात गणिताचे शिक्षक, मोठीआई, आणि त्यांची एकुलती एक मुलगी. दुसऱ्यात आई, बाबा आणि मी. बाबा सरकारी कचेरीत बाबू. बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. मोठेबाबा शिकवायचे त्याच शाळेत ती शिकायची, आणि शाळा घरापासून सायकलवर सात मिनिटं.

त्या दिवशी ती दोन पेपरांच्या मधे जेवायला घरी आली. मोठीआईनं त्या दुपारी स्वतःचा जीव द्यायचा प्रयत्न केला होता. कसा, ते मी लिहिणार नाही. दार ढकलून आत शिरलेलं पहिलं माणूस ही चौदा वर्षांची मुलगी होती. ती ओरडली नाही. सायकल वळवली, शाळेत गेली आणि स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, घरी चला."

मोठेबाबा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. म्हणाले, "थांब ना, दिसत नाई का काम करून राह्यलो?"

"आत्ता चला," ती म्हणाली. बस, एवढंच. पण तिचा चेहरा पाहून एका शिक्षकानं न विचारताच मोटरसायकलची किल्ली पुढं केली.

मोठीआई वाचली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. तिला ऑटोत घालताना मी अंगणात उभी होते, म्हणून पुढचं बोलणं मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. बहीण ऑटोत चढायला गेली तर मोठेबाबांनी तिचा दंड धरला.

"तू कुठं? अडीचला भूमिती आहे ना तुह्यी?"

"बाबा, आई..."

"आईचा बीपी वाढला. चक्कर आली. कोनी विचारलं तर हेच सांगजो. समजलं? चल, तोंड धू. मी आहे, काका आहे. तू येऊन का करशीन तिथं?"

काका म्हणजे माझे बाबा. तेही म्हणाले, "जा बेटा, पेपर नोको चुकवू."

तिनं नळावर तोंड धुतलं. कंपासपेटी घेतली. शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला मी गेले, आणि वाटेत मी तिला काय म्हणाले? "टेन्शन नोको घेऊ. प्रमेयं येतात ना तुले?" ती म्हणाली, "येतात." मी त्या वर्षी कॉलेजात होते, अठरा वर्षांची घोडी होते. मला ओकारी यायला हवी होती. आली नाही. मलाही त्या घडीला तेच शहाणपणाचं वाटलं. शिक्षकाच्या घरात पेपर बुडवणं हे मेल्यागेल्याच्या वरचं पाप असतं.

भूमितीत तिला चाळीसपैकी सदतीस मिळाले.

आणि इथून पुढं सगळी घाण सुरू होते. कारण ते सदतीस मार्क मोठेबाबांनी कपाळावर लावून मिरवले. "आई दवाखान्यात होती, बीपीनं. पन पोरीनं पेपर सोडला नाई!" नातेवाइकांना सांगितलं. पालकसभेत सांगितलं. पुढच्या वर्षी दहावीच्या वर्गात, ती स्वतः दुसऱ्या बाकावर बसली असताना, गैरहजर राहणाऱ्या पोरांना झापताना सांगितलं. "अशी असते जिद्द. तुम्हाले सर्दी झाली तर तुम्ही दोन दिवस घरी!" पोरं वळून तिच्याकडे पाहायची. ती वहीत डोकं घालून समास आखत बसायची. हे मला तिच्या वर्गातल्या एकीनं नंतर सांगितलं, तेही हसत. "काय समास आखायची वो ताई ती! एकेका पानाले चार चार रेघा."

आता लक्षणं सांगते. लपलेलं काहीच नव्हतं. सगळं भर दुपारी, भर अंगणात.

त्या परीक्षेनंतर ती रोज मधल्या सुट्टीत घरी यायला लागली. आधी ती शाळेतच डबा खायची, मैत्रिणींच्या घोळक्यात, लोणच्यासाठी भांडत. आता घंटा झाली की सायकल. सात मिनिटं यायला, सात जायला. घरी आली की बूट न काढता ओट्यावरूनच आत पाहायची. मोठीआई दिसली की पाठ फिरवून परत. कधी मोठीआई बळेच हातात पोळीची गुंडाळी द्यायची. ती फाटकाबाहेर गेली की गुंडाळी गाईला. मी पाहिलं आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिलं आहे.

घरानं याचा अर्थ काय लावला? "आमच्या पोट्टीले गरम पोळीच लागते. डब्यातलं थंडं चालत नाई." माझी आई हे शेजारणींना कौतुकानं सांगायची. शेजारणी म्हणायच्या, "बाप्पा! नशीब लागते अशी आई भेटाले." मोठीआई तिथंच बसून भाजी निवडत असायची. 

दुसरं. मोठीआई दुपारी पडली असली आणि बहीण घरात असली की काहीतरी पडायचं. ताट पडायचं, पेला पडायचा, एकदा पितळेचा डबा. मोठीआई दचकून उठायची आणि चिडायची. "हात आहेत का काय आहे तुह्ये! जरा डोळा लागला का पाडते काई ना काई." मग ती चक्क हसायची आणि भांडं उचलून ठेवायची. घरभर तिचं नाव पडलं धांदरट. ही मुलगी भूमितीची आकृती कंपासनं केसाएवढ्या चुकीशिवाय काढायची, आणि आम्ही तिला धांदरट म्हणायचो. एवढ्या हुशार लोकांच्या घरात एकालाही हे दोन तुकडे जोडून पाहावेसे वाटले नाहीत.

तिसरं तर लिहितानाही लाज वाटते. ती न्हाणीघराची कडी लावू देईना. मोठीआई आंघोळीला गेली की ही बाहेर पुस्तक घेऊन बसायची आणि दर दोन मिनिटांनी, "आई, साबण आहे का? आई, पाणी आहे का?" मोठेबाबा त्यावर खूश. "पाहा, आईची सेवा. आजकालच्या पोरी मोबाइल सोडत नाईत."

घरातल्यांचं हे. आता बरोबरीच्यांचं ऐका, आणि त्यात माझंही. तिच्या वर्गातल्या पोरापोरींनी तिला छळायला काय हवं होतं? घंटा झाली की एकजण ओरडायचा, "चालली, चालली, सासू वाट पाहून राह्यली!" दुसरी म्हणायची, "आईच्या पदराले गाठ मारून ठेवली वाट्टे हिले." हळूहळू लोणच्यासाठी भांडणारा घोळका तिच्याशिवाय बसायला शिकला. दहावीच्या निरोप समारंभाला आमच्याकडे अजून फिशपाँड असतात: कोणावर कोणी लिहिलं ते न सांगता चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या आणि ज्याच्यावर आहे त्यानं हसून उभं राहायचं. तिच्या वर्गातल्या दोघीजणी माझ्याकडे आल्या. "ताई, तुम्ही कविता करता ना, आम्हाले चारदोन फिशपाँड लिहून द्या." दिले. तिच्यावरचा पण दिला.

*घंटा वाजली टणाटणा, सायकल निघाली झणाझणा,*
*सोळाव्या वर्षी बाळ म्हणे, आई, मला कुशीत घे ना!*

मीच लिहिला. घरी बसून, चहा पीत, दहा मिनिटांत. म्हणे सगळा हॉल हसला. ती उभी राहिली, हसली, बसली. कोणी लिहिला हे तिला कळलं होतं. चिठ्ठी शेवटी जिच्यावर आहे तिच्याच हातात देतात, आणि माझं अक्षर ती ओळखते. मला ती कधी काही बोलली नाही.

दहावीत तिला चांगले मार्क पडले, तेव्हा समाजाच्या मंडळानं गुणवंतांचा सत्कार ठेवला. मंगल कार्यालय, शाल, नारळ, प्लास्टिकचं सन्मानचिन्ह. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींना मोठेबाबांनी आधीच मसाला पुरवला होता. गुरुजी माइकवर सुरू झाले, "मातोश्री रुग्णालयात मृत्यूशी झुंज देत होत्या, आणि ही कन्या..." तिसऱ्या रांगेत मोठीआई बसलेली. तिनं मान इतकी खाली घातली की मागून पाहणाऱ्याला वाटावं, खाली काही सांडलंय आणि ती शोधते आहे. टाळ्या पडल्या. बहिणीनं शाल घेतली, वाकून नमस्कार केला, पायऱ्या उतरली आणि कार्यालयाच्या मागं जाऊन भडाभडा ओकली.

माझी आई म्हणाली, "पनीर बाधलं." पंगत अजून बसायचीच होती. पनीर तिनं पाहिलंही नव्हतं.

त्याच सुमारास मी तरुणांच्या एका गटात काम करायला लागले होते. पत्रकं लिहायची, छापायची, एसटी स्टँडवर, बाजारसमितीत, कॉलेजात वाटायची. एक पत्रक किशोरवयीन मुलांवर होतं. 'तुमच्या घरातल्या मुलाकडे नीट पाहा' असा मथळा. खाली लक्षणं: जेवण तुटणं, दचकणं, मैत्रिणी सुटणं, घरातल्या एकाच माणसाभोवती घुटमळणं, अचानक अतिशहाण्यासारखं वागणं. गठ्ठा घरी आला आणि घड्या घालायला मी कोणाला बसवलं? तिलाच. ती फरशीवर बसून घडी घालायची, नखानं दाबायची, रचायची. मधेच तिनं एक पत्रक उघडून वाचलं. पूर्ण वाचलं, खालच्या मुद्रकाच्या ओळीपर्यंत.

"ताई, हे खरंच कोनी वाचते का?"

"वाचतात ना. काऊन नाई वाचणार?"

"अच्छा," ती म्हणाली, आणि पुढच्या पत्रकाची घडी घातली.

मी पत्रक लिहिणारी. मीच नाही वाचलं.

अकरावीला तिला वर्ध्याला ठेवलं. होस्टेल आणि शिकवणी. "एवढी समजदार पोरगी आहे, आता आईच्या पदराबाहेर निघाली पाहिजे," हे मोठेबाबांचं वाक्य. तिनं एकदाच म्हटलं, "मी इथूनच जाणंयेणं करतो ना, बाबा." मोठेबाबांनी मनावर घेतलं नाही. होस्टेलच्या खोलीत तिची गादी टाकून आम्ही परतलो तेव्हा ती फाटकाशी उभी होती आणि मोठीआईला म्हणत होती, "फोन उचलजो. झोपली असली तरी उचलजो."

तीन महिन्यांनी एका कंडक्टरनं मोठेबाबांना गाठलं. ओळखीचा माणूस, जुना विद्यार्थी. "सर, ताई बऱ्या आहेत ना? मंगळवारी आमच्या गाडीत होत्या. मागच्या मंगळवारी पन होत्या. सकाळच्या गाडीनं येतात आन् दुपारच्या गाडीनं परत जातात."

झालं. शिकलेलं घर खडबडून जागं झालं. मुलगी कोणाला न सांगता वर्ध्याहून येते आणि घरी न येता परत जाते. याचं उत्तर सगळ्यांना एका क्षणात मिळालं. इतकी वर्षं जे डोळे बंद होते ते मुलाचा वास येताच टक्क उघडले. याची मला सगळ्यात जास्त शिसारी येते. मुलगी आतून मरत असेल तर दिसत नाही. मुलगी कोणाशी बोलत असेल तर दहा कोसांवरून दिसतं.

रविवारी तिला बोलावून घेतलं. बैठकीत मोठेबाबा खुर्चीवर, बाबा दिवाणावर, ती मधे उभी. दाराशी मी. मोठीआई आणि आई स्वयंपाकघरात.

"कोन आहे तो?" मोठेबाबा म्हणाले.

"कोनीच नाई."

"मंगळवारी आर्वीत कोनाले भेटाले येते?"

तिनं सतरंजीचं दुमडलेलं टोक पायानं सरळ केलं.

बाबा मऊ आवाजात म्हणाले, "बेटा, आम्ही काही दुश्मन आहो का तुह्ये? नाव सांग. समजावून सांगू त्याले."

"कोनीच नाई, काका."

मोठेबाबा माझ्याकडे वळले. "हिचा फोन पाहा. तुले समजते त्यातलं."

आणि मी पाहिला. फोन तिनं स्वतः माझ्या हातात दिला, लॉक उघडून. मी कॉलची यादी काढली आणि खाली खाली सरकवत गेले. सगळे एकाच नंबरावर. रोज सकाळी, रोज मधल्या सुट्टीच्या वेळेला, रोज दुपारी. वीस सेकंद. पंधरा सेकंद. बारा सेकंद. 'आई'. 'आई'. 'आई'. मेसेज शिकवणीच्या ग्रुपचे तेवढे. एकही मुलगा नाही, मैत्रीणही नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "मोठेबाबा, सगळे फोन मोठीआईलाच आहेत."

"डिलीट केले असन बाकीचे," माझे बाबा म्हणाले. "आजकाल लय हुशार असतात."

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात मोठीआई आली. हात पिठाचे. तिला बैठकीत येऊन बोलताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. ती म्हणाली, "ती मले पाहाले येते. मी जित्ती आहो का नाई, ते. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर उभी राह्यते. मी कपडे वाळू घालाले बाहेर आली का मंग जाते. मी दोनदा पाह्यलं तिले."

दोन वर्षांत त्या घरात बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य. कोणीही, कोणीही एक पाऊल पुढं टाकलं असतं तर पुढचं टळलं असतं. माझे बाबा उठले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत जा. बीपी वाढन."

माझे बाबा वाईट माणूस नाहीत, हे लिहायची माझ्यावर सक्ती आहे, कारण ते वाचतील. पण त्यांच्या त्या वाक्याइतकं नीच वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

निकाल लागला. फोन मोठेबाबांनी काढून घेतला. अभ्यासात लक्ष लागत नाही, याचं कारण म्हणे फोन. सोमवारी तेच तिला वर्ध्याला सोडून आले. मी अंगणात उभी होते. मी काही केलं नाही.

फोन नाही, बस नाही. एकवीस दिवस ती तशी राहिली. बाविसाव्या दिवशी शिकवणीची चाचणी सुरू असताना ती वर्गातून उठली, एसटी स्टँडवर गेली आणि आर्वीच्या फलाटाशी बसून राहिली. तीन गाड्या लागल्या आणि सुटल्या. ती चढली नाही. एका कंट्रोलरनं तिला विचारलं, "कुठं जायचं बाई?" तिनं सांगितलं, "विचारून सांगते." कोणाला विचारून, ते तिलाही सांगता येईना. त्यानं तिच्या ओळखपत्रावरच्या होस्टेलच्या नंबरावर फोन लावला, आणि होस्टेलच्या बाईंनी मला, कारण त्याच महिन्यात मी गटाच्या कामासाठी वर्ध्यात खोली घेतली होती आणि घरच्यांच्या यादीत जवळची मी एकटीच होते.

मी गेले तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, आई आता उचलत नाई का मीच लावत नाई, ते मले आठवून नाई राह्यलं."

मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, मनाच्या डॉक्टरांकडे. घरी कळवलं तर मोठेबाबांची पहिली अट: केसपेपरवर डोकेदुखी लिहा. लिहिली नाही. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, घरी काय झालं होतं? तिनं पाठ केलेलं म्हटलं, "आईचा बीपी वाढला होता." दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी ती अर्धा तास टेबलावरचा कागदाचा कोपरा दुमडत बसली आणि मग म्हणाली, "बीपी नव्हता." डॉक्टरबाई म्हणाल्या, मला ठाऊक आहे. तेव्हा ती रडली. इतकी रडली की बाहेरच्या बाकावरचे लोक दाराकडे पाहायला लागले. चौदाव्या वर्षी रडायचं होतं ते.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर सांगितलं, औषध मी देते, पण हिला घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायचं आहे की जे तिनं पाहिलं ते खरं होतं. कोणीतरी या.

मोठीआई आली. आर्वीहून एकटी, एसटीनं, कोणाला न सांगता. तिनं मुलीसमोर बसून सरळ सांगितलं. "मी मराले निघाली होती. चक्कर नव्हती. तू पाह्यलं ते खरं होतं. तू नसती आली तर मी नसती." मग डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाली, "बाई, माहाही केसपेपर काढा." त्या बाईला काय झालं होतं, हे आमच्या घरात कोणी कधी विचारलंच नाही. मीही नाही. गरम पोळ्या करते ना, मग बरी आहे.

बहिणीनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "मंग मले पेपरले काऊन पाठवलं?"

मोठीआई म्हणाली, "मी शुद्धीवर नव्हती, बेटा. ते मी नाई सांगू शकत."

ते एकच माणूस सांगू शकतं. मी आर्वीला जाऊन मोठेबाबांना म्हणाले, चला. ते पेपर तपासत होते. म्हणाले, "मी तिचं वर्ष वाचवलं त्या दिवशी."

"सहामाहीनं वर्ष जात नाही, मोठेबाबा. मुलं आजारी पडली की तुम्हीच फेरपरीक्षा घेता."

त्यांनी लाल पेन खाली ठेवला. पुन्हा उचलला. "शिस्त नावाची एक गोष्ट असते. आन् दवाखान्यात मले कोनी पाह्यलं तर गावात काय सांगू?"

"बीपी सांगा," मी म्हणाले.

तीन तारखा गेल्या. ते आले नाहीत. बहिणीनं शिकवणी सोडली आहे. ती मोठीआईबरोबर माझ्या खोलीवर राहते. गोळ्या चालू आहेत. जेवते थोडं. दर तारखेला ती डॉक्टरबाईंच्या खोलीत जायच्या आधी व्हरांड्याच्या टोकापर्यंत पाहून येते, आणि परत येऊन मला सांगते, "नाई आले." पुढची तारीख गुरुवारची आहे. ते येतील की नाही, मला ठाऊक नाही. आले नाहीत तर ती बरी व्हायची थांबेल असं डॉक्टरबाई म्हणत नाहीत, पण लवकर होईल असंही म्हणत नाहीत.

मला आता मोठेबाबांशी बोलायचं नाही. तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्या घरात तेरा ते एकोणीसमधलं कोणी असेल, तर तुमच्या घरातही असा एखादा दिवस असेल, ज्याला तुम्ही दुसरंच नाव दिलं आहे. अपघात, ताप, भांडण, काकाचा स्वभाव, मास्तरांची मस्करी, 'काही नाही झालं'. त्या दिवशी त्या पोराला तुम्ही काय बोलायला लावलं आणि कुठं पाठवलं, ते आठवा. तुम्हाला आठवतं. हे खाली ठेवा आणि आत्ता उठा. शिकवणीला निघाली असेल तर थांबवा. समोर बसा, फोन बाजूला ठेवा, आणि म्हणा: तू पाहिलंस ते खरं होतं, आणि मी तुला खोटं बोलायला लावलं. मग तोंड बंद ठेवा. ती जे विचारेल त्याचं उत्तर द्या, तुमची कितीही नाचक्की होत असली तरी द्या.